पाय वर घ्या

१

बाई मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला कामाला यायच्या. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की मी घड्याळाकडे बघायचो. बाईंची वेळ तपासायला नव्हे, घड्याळाची.

आमचं घर चार खोल्यांचं. आमचं म्हणायची सवय राहिली आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी असते. चारही खोल्या गोलाकार जोडलेल्या आहेत. स्वयंपाकघरातून बैठकीची खोली, तिथून अभ्यासिका, अभ्यासिकेतून झोपायची खोली आणि तिथून पुन्हा स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीला दोन दारं. मुलगी लहान असताना पकडापकडी खेळायला याच्यासारखं घर नव्हतं. पळणारा कधी कोपऱ्यात सापडायचा नाही.

बाईंचा एक नियम होता. पुसलेल्या फरशीवर दहा मिनिटं कोणी पाय ठेवायचा नाही. "पडलात तर ताई मला विचारतील," असं त्या म्हणायच्या. ताई म्हणजे माझी मुलगी. म्हणून बाई आल्या की मी स्वयंपाकघरात टेबलापाशी जाऊन बसायचो आणि तासभर तिथून हलायचो नाही. त्या आधी बैठकीची खोली करायच्या, मग अभ्यासिका, मग झोपायची खोली आणि शेवटी बादली घेऊन माझ्यापाशी यायच्या.

"सर, पाय वर घ्या."

मी घ्यायचो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, जुन्या हस्तलिखितांवर चाळीस वर्षं काम केलेला, दोन्ही पाय हवेत धरून बसलेला. त्या खुर्चीखालून फडकं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ठेवा आता." आठवड्यातून दोनदा मला कोणीतरी काहीतरी करायला सांगायचं, ते एवढंच. मला ते आवडायचं, हे आज कबूल करतो.

२

माझ्या लेखांत 'बहुधा' हा शब्द इतक्यांदा यायचा की विभागातले सहकारी मला माघारी 'बहुधा सर' म्हणायचे. एखाद्या हस्तलिखितात पहिला लेखनिक कुठे थांबला आणि दुसऱ्याने कुठून लिहायला घेतलं, हे शोधणं माझं काम. दुसरा माणूस पहिल्याचं अक्षर गिरवत असतो, त्यामुळे पटकन कळत नाही. तरी कुठेतरी एखादी वेलांटी जास्त वळते. खात्री मला कधीच नसायची. 'बहुधा' लिहून मी पुढे जायचो.

बाई माझे कप्पे उघडतात, याची मात्र मला खात्री होती.

अभ्यासिकेतल्या टेबलाला तीन कप्पे आहेत. वरच्यात लेखण्या आणि चष्मे, मधल्यात बायकोची पत्रं, खालच्यात एक पाकीट. पत्रांची चवड मी कडा जुळवून ठेवतो, तशी ती सापडेना. खालचा कप्पा पुरता बंद केलेला नसायचा. मी प्रत्येक कप्प्याच्या फटीत पांढरा दोरा ठेवून बघितला. मंगळवारी दुपारी तिन्ही दोरे जमिनीवर पडले होते.

खालच्या पाकिटाबद्दल सांगायला हवं. त्यात डॉक्टरांचं पत्र होतं. चार महिन्यांपूर्वी मी एकटाच जाऊन स्मरणाची तपासणी करून आलो होतो. घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. त्यातल्या एका शब्दापाशी मी अडकलो. पत्रात लिहिलं होतं की सुरुवात आहे, आणि यापुढे घरी कोणीतरी सोबत असावं. मुलीला हे कळलं असतं तर तिने मला त्याच आठवड्यात त्या वृद्धनिवासात नेलं असतं, ज्याचं माहितीपत्रक ती दर भेटीत टेबलावर 'विसरून' जायची. मला या चार खोल्यांत मरायचं होतं. याहून मोठी माझी काही इच्छा उरलेली नव्हती.

बाईंची कापडी पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला लटकलेली असायची, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. पुढच्या शुक्रवारी त्या अभ्यासिकेत गेल्या आणि मी त्या पिशवीत हात घातला.

३

डबा, छत्री, औषधाची पट्टी आणि एक चौकटींची वही.

वहीत घरं होती. प्रत्येक घराला काही पानं. 'मांजरवाले: साहेबांच्या बाटल्या आता बुटांच्या खोक्यात.' 'शिक्षिका: पत्रं न फोडता ठेवते. आज आणखी दोन.' 'नवं जोडपं: उशा वेगळ्या खोल्यांत.' शब्द मोजके, अक्षर स्वच्छ. मला राग यायला हवा होता, पण मी एखादं चांगलं हस्तलिखित हाती लागल्यासारखा वाचत सुटलो. मग माझं पान आलं.

'सर. मंगळवार. अभ्यासिकेत बसलेले. बोलले नाहीत. पाय वर घेतले.'

'शुक्रवार. अभ्यासिकेत. बोलले नाहीत. पाय वर घेतले. मग स्वयंपाकघरात. तिथे बोलले.'

'मंगळवार. अभ्यासिकेत. खालच्या कप्प्याकडे बोट केलं.'

अशी दोन महिन्यांची पानं होती. मी तारखा पुन्हा वाचल्या. त्या प्रत्येक सकाळी मी याच खुर्चीत बसलो होतो. अभ्यासिकेत मी दहा ते अकरा कधीच नसतो.

आणि तेवढ्यात, बैठकीच्या खोलीपलीकडून, बाईंचा नेहमीचा आवाज आला.

"सर, पाय वर घ्या."

अभ्यासिकेतली खुर्ची करकरली. ती खुर्ची माझ्या ओळखीची आहे. वजन मागे गेलं की ती करकरते, रिकामी असताना नाही.

"ठेवा आता," बाई म्हणाल्या.

मी वही पिशवीत ठेवली. पिशवी खुंटीवर अडकवायला तीन खेपा लागल्या.

४

मी तर्क मांडला. एक, बाई माझी थट्टा करत होत्या. पण थट्टा करणारा समोर बघणारं कोणी असल्याशिवाय ती करत नाही, आणि वही तर त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती. दोन, मी उठून अभ्यासिकेत जात होतो, बसत होतो, परत येत होतो आणि विसरत होतो. डॉक्टरांचं पत्र पाहता हेच जास्त संभवतं. तिसरी शक्यता मी कागदावर उतरवली नाही.

दुसरी शक्यता तपासणं सोपं होतं. मंगळवारी बाई आल्यापासून मी टेबलावर कागद घेऊन दर दोन मिनिटांनी लिहीत गेलो. 'दहा चार, इथे आहे. दहा सहा, इथे आहे.' दहा बावीसला अभ्यासिकेतून आवाज आला, "सर, पाय." मी लिहिलं, 'दहा बावीस, इथे आहे.' पेनाचं टोक कागदात रुतलं.

बाई गेल्यावर मी तो कागद भिंगाखाली धरला. एकही नोंद सुटलेली नव्हती. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताचं होतं. बहुधा.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, सर हल्ली गप्प असतात. नुसते बसून असतात खुर्चीत. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

"कुठल्या खुर्चीत?"

"कुठल्या म्हणजे? बाबा, हा काय प्रश्न झाला? मी रविवारी येतेय. त्या निवासात एक खोली रिकामी झालीय, पूर्वेकडची. नुसती बघून यायला काय हरकत आहे? आणि मला खरं खरं सांगायचं, सगळं नीट चाललंय की नाही ते."

"तू ये तर खरी."

मी फोन ठेवला. अभ्यासिकेत कोणीतरी गप्प बसत होतं आणि घर माझं जाणार होतं. तो मी नाही असं सांगावं, तर घर त्याच दिवशी जाणार.

५

शुक्रवारी बाई अभ्यासिकेत शिरल्याचा आवाज आला तसा मी सपाता काढल्या आणि झोपायच्या खोलीच्या बाजूने अभ्यासिकेकडे निघालो. ती खोली अजून पुसायची होती, फरशी कोरडी होती. अभ्यासिकेचं त्या बाजूचं दार चार बोटं उघडं होतं. फटीतून बाईंची वाकलेली पाठ दिसली, बादली दिसली, आणि टेबलाची खालची बाजू. टेबलाच्या वरचं सगळं कपाटाच्या आड होतं.

"सर, पाय वर घ्या."

टेबलाखाली दोन पाय होते. ते उचलले गेले. तपकिरी मोजे, डाव्याच्या टाचेला रफू. बाईंनी खालून फडकं फिरवलं आणि पुढे सरकल्या. "ठेवा आता," त्या म्हणाल्या. पाय खाली आले नाहीत. ते तसेच हवेत राहिले, स्थिर, जराही न थरथरता. माझे पाय इतका वेळ वर राहत नाहीत. मग ते हळूच वळले आणि त्यांची बोटं दाराकडे, माझ्याकडे झाली.

मी मागे फिरलो. खुर्चीत बसलो तेव्हा स्वतःच्या पायांकडे लक्ष गेलं. ते उघडे होते. रफू केलेले तपकिरी मोजे माझेच. सकाळी मी ते घातले होते की नाही, हे मला काही केल्या आठवेना.

बाई बादली घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बाई, तुम्ही माझे कप्पे उघडता."

त्यांनी फडकं पिळलं. "उघडते."

नकाराची उत्तरं मी तयार ठेवली होती, होकाराचं नव्हतं.

"का?"

"सवय. बावीस घरं झाली माझी. माणूस तोंडाने जे सांगतो त्यातून घर कळत नाही सर, कप्प्यात कळतं. एक टाचणी घेतलेली नाही कुणाची."

"विचारल्याशिवाय बघायचं हे चांगल्या माणसाचं लक्षण नाही."

"आणि माझ्या वहीत हे कोणी ठेवलं?" त्यांनी पदराआडून कागदाची एक अरुंद पट्टी काढून टेबलावर ठेवली. माझी खूण. वाचलेल्या पानात पट्टी घालून ठेवायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. पिशवी मी नीट परत लावली, वही नीट ठेवली, आणि पानात पट्टी विसरलो. माझा कान गरम झाला.

"तुम्हीही बघता, मीही बघते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जरासं हसूच होतं. "आणि खालचा कप्पा तर तुम्हीच दाखवलात."

"मी?"

"बोटाने. मी विचारलं, काय हवंय सर, तर बोलला नाहीत. म्हणून उघडला. पाकीट वरच होतं. वाचलं मी, खोटं कशाला बोलू."

"ताईला सांगितलंत?"

"ते तुमचं तुम्ही सांगायचं. मी घरं बघते, पसरवत नाही. त्यांनी विचारलं, सर कसे आहेत, मी म्हटलं गप्प असतात. आता ते काय खोटं आहे?"

त्या क्षणी मला एकच प्रश्न विचारायचा होता. आत्ता, टेबलाखाली, कोण होतं. बाईंनी काय उत्तर दिलं असतं माहीत नाही, पण मुलीने रविवारी विचारलं असतं तर त्यांनी तो प्रश्नही सांगितला असता. खोटं त्या बोलत नव्हत्या, तीच अडचण होती.

"मंगळवारपासून येऊ नका," मी म्हणालो. "मी ताईला सांगेन, तुम्ही कप्पे उघडता म्हणून काढलं."

त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली, पिशवी खांद्याला लावली. स्वयंपाकघराची फरशी तशीच राहिली. दारात थांबून त्या म्हणाल्या, "एक सांगू, सर? राग मानू नका. तुम्ही तिकडे बसलेले असता ना, तेव्हा जास्त बरे दिसता."

६

रविवारी मुलगी अकराला आली. तिने शीतकपाट उघडून बघितलं, औषधांची डबी मोजली, खिडक्यांच्या कड्या लावून बघितल्या. बाईंना काढल्याचं ऐकून तिचा चेहरा पडला. "हे आणि कधी? मला न विचारता?"

"कप्पे उघडायच्या."

"बाबा, कप्प्यांत तुमच्या आहे काय?"

मी म्हणालो, चहा करतो. ती घर बघत पुढे गेली. मी दूध गॅसवर ठेवलं आणि पातेल्यापुढून हललो नाही. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण यावर सगळं अवलंबून आहे. दूध उतू गेलं नाही. ते वर चढायला लागलं की मी फुंकर मारत होतो, आच कमी करत होतो. मी तिथेच होतो.

अभ्यासिकेतून बोलणं ऐकू येऊ लागलं. आधी मुलीचा आवाज, वाढलेला. फोनवर असेल असं मला वाटलं. मग मध्येच ती थांबली, आणि ती थांबायची तेव्हा शांतता नव्हती. एक खालचा, घोगरा, संथ आवाज होता. शब्द कळत नव्हते. बराच वेळ तोच आवाज चालला होता. मग मुलगी हसली. लहानपणी हसायची तशी, श्वास आत घेऊन.

मी चमचा हातात घेऊन उभा होतो. जायला हवं होतं. पायच उचलले नाहीत.

ती बैठकीच्या खोलीतून आली तेव्हा डोळे ओले होते आणि हातात डॉक्टरांचं पत्र होतं.

"अरे, तुम्ही इकडे कधी आलात?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीत बसली. "पळता अजून तसेच. मला सापडायचा नाहीत तुम्ही कधी."

"ते पत्र..."

"रागावले नाही मी, सांगितलं ना. चार महिने लपवलंत, त्याचं वाईट वाटलं. पण स्वतःहून काढून दिलंत ते बरं केलंत. मी भांडायच्या तयारीने आले होते, खरं सांगते." तिने नाक पुसलं. "आणि आईबद्दल बोललात. सहा वर्षांत पहिल्यांदा."

बायकोबद्दल मला बोलता येत नाही. मुलीला हे माहीत होतं.

"मी काय म्हणालो?"

"आता परत म्हणायला लावता होय? रडवलंत तेवढं पुरे." ती हसली. "आवाज बसलाय मात्र तुमचा. वाफ घ्या रात्री. तर ठरलं तसं, इथेच राहा. ज्याला आपलं आजारपण इतकं नीट सांगता येतं, त्याला मी कुठे उचलून नेऊ? मी दर महिन्याला येईन. फक्त नवी बाई नको म्हणालात ते मला पटलेलं नाही."

"नको म्हणालो?"

"'घरातलं काम घरात होईल' म्हणालात. बघा बाबा, झेपत असेल तर."

तिने चहा घेतला. मी घेतला नाही. निघताना दारात बूट घालता घालता तिने मान वर करून विचारलं, "बाबा, अजून काही सांगायचं राहिलंय का? मनात काही असेल तर आत्ता सांगा."

तिच्या पलीकडे, बैठकीच्या खोलीच्या टोकाला, अभ्यासिकेचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतली खुर्ची करकरली. वजन पुढे येताना ती जशी करकरते, तशी. मुलीला ऐकू आलं नाही, किंवा तिला त्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं की तो मी नव्हतो. तीन शब्द. पूर्वेकडची खोली रिकामी होती, खाली गाडी उभी होती, तासाभरात मी या घरातून सुटलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

तिने माझा हात हातात घेतला आणि चमकून माझ्याकडे बघितलं. "गार पडलेत हो हात. आत्ता तर किती ऊबदार होते."

मग ती गेली.

७

आज मंगळवार. सकाळपासून मी स्वयंपाकघरात आहे. बाईंची किल्ली टेबलावर माझ्यासमोर आहे, दुसरी माझ्या खिशात, तिसरी मुलीकडे, दुसऱ्या गावी. बाहेरच्या दाराला आतून कडी आहे. मी ती दोनदा जाऊन बघितली.

दहा वाजता न्हाणीघरात नळ सुटला. बादली भरत गेल्याचा आवाज, आधी पोकळ, मग जड. नळ बंद झाला. बैठकीच्या खोलीत ओलं फडकं फरशीवर आपटलं. मी लिहिलं, 'दहा चार, इथे आहे.'

अभ्यासिका व्हायला अठरा मिनिटं लागली. बाईंना बारा लागायची. एक एक करून तिन्ही कप्पे उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज आले. मग झोपायची खोली. बादली सरकवताना ती पलंगाच्या पायाला लागते, तशी लागली.

मी वर लिहिलेल्या नोंदी आत्ता पुन्हा पाहिल्या. दहा वीसनंतर 'आहे' मधली मात्रा थोडी जास्त वळते आहे. हात थरथरतो म्हणून असेल. कारण शोधायला आता भिंग आणायला जाता येणार नाही, भिंग अभ्यासिकेत आहे आणि फरशी ओली आहे.

बादली दारापाशी आली आहे. उंबऱ्यावर पिळलेलं फडकं दिसतंय आणि ते धरलेला हात. अंगठ्याजवळ शाईचा डाग आहे. माझ्याही आहे. मी वर बघणार नाही. बादलीतल्या पाण्याचा वास येतोय, आणि एक घोगरा आवाज, बराच वेळ न वापरल्यासारखा, अगदी सौम्यपणे, मला आवडतं तसंच, मला म्हणतो आहे.

मी पाय वर घेतले आहेत.